अर्धी बाटली वाजते

जालन्याच्या माणसाने डोंगर चढायला जाऊ नये, असं माझं अनेक वर्षं मत होतं. त्यात भित्रेपणाचा भाग थोडा आणि भूगोलाचा जास्त. उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगरांची शेपटं येऊन पडली आहेत, तेवढी सोडली तर आमच्या नजरेला पोळपाटासारख्या जमिनीची सवय. 'चढ' म्हटला की आम्हाला रेल्वेचा पूल आठवतो, नाहीतर ताप.

आमच्या भागातून सह्याद्रीकडे गेलेला थोर माणूस माझ्या माहितीत एकच. जांबचे समर्थ रामदास. जन्म १६०८. बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हटल्याबरोबर ते खरोखरच सावध झाले आणि पळाले, अशी कथा आहे. पुढे सह्याद्रीच्या घळीत त्यांनी मुक्काम केला. ते 'सावधान' मीही माझ्या लग्नात ऐकलं होतं. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष कॉलरमधून आत उतरलेल्या अक्षतांकडे होतं. त्यामुळे मला सह्याद्रीत पोचायला त्रेपन्नावं वर्ष उजाडावं लागलं, आणि तेही बायकोने डबा भरून दिल्यावर.

हे घडलं २०१३ च्या फेब्रुवारीत. ज्यांना २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो त्यांना त्या वर्षीचं जालना वेगळं सांगायला नको. घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आटलेला. मोती तलावात पाण्याऐवजी भेगा. नळाला पाणी येण्याचा दिवस हा दिवाळीसारखा कॅलेंडरात शोधायचा. आमच्या आळीत टँकर आला की सुशिक्षित, सुसंस्कृत माणसं घागरी घेऊन अशी धावत, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं सासुरवाडीला आग लागली आहे आणि आतमध्ये दागिने आहेत. आमच्या घरी अंगणातल्या ड्रमला कुलूप होतं. सोन्याला आम्ही कधी कुलूप लावलं नाही. एक तर सोनं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे ते शेजारी मागायला येत नाहीत.

अशा दिवसांत पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, दोन दिवस सुट्टी काढा. राजगड ते तोरणा करू. डोंगराच्या धारेवरून चालत जायचं. एक रात्र राजगडावर, दुसरी तोरण्यावर."

"आणि खाली कधी यायचं?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी."

मी नाहीच म्हणणार होतो. पण शेजारच्या गुरुजींच्या कानावर ते गेलं. गुरुजी गणिताचे. वय छप्पन्न, देह काटकुळा, उत्साह विशीतला. "चला हो," ते म्हणाले, "आयुष्यभर पोरांना त्रिकोण शिकवले, एकदा त्याच्या बाजूवरून चालून तरी पाहू." आणि मी हो म्हणालो. खरं कारण सांगतो, पुढे इतकी कबुली द्यायची आहे तर ही लपवून काय करू? दोन दिवस टँकरच्या रांगेतून सुटका होईल, हे ते कारण होतं.

जायच्या आदल्या रात्री सौ.ने माझ्या पिशवीत चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक लिटरची पाण्याने गच्च भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवली. तुरटी फिरवून, उकळून, गाळून. "परक्या गावचं पाणी बाधतं तुम्हाला. कोणाला दाखवू नका, नाहीतर वाटून टाकाल." माझ्या उदारपणाबद्दलचा बायकोचा हा गैरसमज मी इतकी वर्षं जपून ठेवलेला आहे.

जरा विचार करा. मावळात पावसाळ्यात छत्री निरुपयोगी ठरते इतका पाऊस पडतो. त्या मुलखात, भर दुष्काळातल्या जालन्याहून, एक लिटर पाणी घेऊन जाणारा इतिहासातला मी पहिलाच माणूस असेन. उलटी गंगा म्हणतात ती हीच. ती मी टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली.

रात्रभर बसचा प्रवास. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, मग नगर, मग पुणे. पुण्याहून गुंजवणे या पायथ्याच्या गावी. भाचा आणि त्याचे दोन मित्र तिथे आमची वाट पाहत उभे. तिघांच्याही पाठीवर अशा पिशव्या, की त्यात माणूस बसवून नेता यावा.

गडाच्या पायथ्याशी भाच्याने कायदा वाचून दाखवला. सकाळी निघताना प्रत्येकाने तीन लिटर पाणी घ्यायचं. ज्याचं त्याने वाहायचं आणि ज्याचं त्याने जपून प्यायचं. तांदूळ, डाळ, बटाटे, पातेलं आणि गॅसची छोटी शेगडी हे मात्र सगळ्यांचं. ते वाटून घ्यायचं.

वाटणीची वेळ आली तेव्हा मी कमरेवर हात ठेवला.

माझी कमर तशी ठीक आहे. पण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो होतं हे मला गुरुजींनीच कधीतरी सांगितलं होतं, आणि तो चौथा किलो माझ्या पिशवीत आधीच बसला होता. "कमरेत जरा धरलंय," एवढंच मी म्हणालो. "राहू द्या, राहू द्या," म्हणत गुरुजींनी माझ्या वाट्याचं पातेलं आणि तांदूळ आपल्या पिशवीत कोंबले. मी त्यांना थोडं नको-नको केलं. असं नको-नको किती वेळ करायचं, याचा आपल्याकडे एक ठरलेला काळ आहे. तो मी अचूक पाळला.

चोर दरवाजाने आम्ही पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. राजगडाच्या तीन माच्या: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मधोमध बालेकिल्ला. रायगडाच्या आधी शिवाजी महाराजांची राजधानी इथे होती. जवळजवळ पाव शतक राज्याचा कारभार ज्या डोंगरावरून चालला, त्या डोंगरावर एकदा पोचायला मला अकरा वेळा बसावं लागलं. तेव्हा पद्मावतीच्या देवळात मुक्काम करता येत असे. रात्री फरशीवर पडल्यापडल्या मी गुरुजींना म्हणालो, "महाराज रोज चढत-उतरत असतील हो?" गुरुजी म्हणाले, "महाराजांचं सोडा, त्यांचं पाणी कोण भरत असेल?" हा माणूस प्रत्येक गोष्टीत उदाहरण मांडतो. मी कूस बदलली. टॉवेलातली बाटली कमरेला टोचली. तेव्हा कुठे माझी कमर खरी दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माचीवरच्या टाक्यातलं पाणी गाळून सगळ्यांनी तीन-तीन लिटर भरून घेतलं आणि आम्ही संजीवनी माचीच्या दुहेरी तटातून बाहेर पडलो. पुढे ती धार. तिचं वर्णन मी करणार नाही. एक तर मला येत नाही, आणि दुसरं म्हणजे मी ती पाहिलीच नाही. दोन्ही बाजूंना दऱ्या असलेल्या वाटेवरून चालणारा नवखा माणूस फक्त पुढच्याच्या टाचा पाहतो. गुरुजींच्या टाचांच्या भेगा मी आजही कागदावर काढून दाखवीन. मधूनच डोकं वर केलं तर समोर तोरणा. १४०३ मीटर. सकाळी आठला तो जेवढा लांब दिसत होता, तेवढाच अकरालाही दिसत होता. सरकारी कामासारखा.

सहा-सात तासांची ती चाल. फेब्रुवारीतच ऊन असं, की कारवीच्या वाळक्या काड्याही सावलीला जागा शोधत असाव्यात. बाराच्या सुमाराला भाच्याच्या एका मित्राला भोवळ आली. दोनदा उलटी झाली, पायात गोळे आले. शहरातला मुलगा, रात्रीची झोप नाही, सकाळी नीट खाल्लेलं नाही. त्याला झाडाखाली बसवलं. सगळ्यात आधी बाटली पुढे केली ती गुरुजींनी. आधी पाजलं, मग डोक्यावर ओतलं, मग उरलेलं साखर-मीठ घालून त्याच्या हातात दिलं. भाच्यानेही आपलं दिलं. मीही दिलं हं. माझ्या उघड्या बाटलीतलं उरलंसुरलं घोटभर मी अगदी सगळ्यांच्या देखत दिलं.

मुलगा सावरला. आम्ही निघालो. मधल्या खिंडीत गाडीरस्ता ओलांडला आणि पुन्हा चढाला लागलो. आता कोणाकडेच पाणी नव्हतं. म्हणजे, माझ्याशिवाय.

एका कारवीच्या जाळीआड मी जरा मागे थांबलो. कशासाठी थांबलो हे कोणी विचारत नाही, हा पुरुषजातीचा मोठा फायदा. टॉवेल सोडला, बाटली काढली आणि घटाघट अर्धी संपवली. जालन्याचं पाणी. तुरटीची चव. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही आणि पुढे कधी पिईन असं वाटत नाही. मग ती पुन्हा गुंडाळली आणि धावत सगळ्यांना गाठलं.

गुरुजी थांबले होते. ओठ पांढरे. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काय हो, घोटभर आहे का?"

वाचकहो, माणसाच्या आयुष्यात परीक्षेचे क्षण येतात ते असे. त्याच्या आधी कोणी घंटा वाजवत नाही. माझ्या तोंडातून आपोआप, सवयीने, टँकरच्या रांगेत पन्नासदा म्हटलेलं वाक्य बाहेर पडलं. "संपलं की हो, गुरुजी."

"बरं," गुरुजी म्हणाले, आणि चालू लागले.

दहा मिनिटांनी एका घसाऱ्यावर त्यांचा पाय सटकला. दरीच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला, म्हणून हा लेख विनोदी संग्रहात येऊ शकतो. गुडघा सोलवटला, पिशवीतलं पातेलं वाजलं आणि चष्म्याची एक काडी तुटली. "डोळ्यांपुढे जरा अंधारी आली," ते म्हणाले. मी त्यांना हात दिला. त्यांचा हात गरम होता. माझ्या पाठीवर अर्धा लिटर पाणी होतं, आणि आता ते बाहेर काढण्याची वेळ टळून गेली होती. खोट्याची हीच गंमत आहे. पहिल्या मिनिटाला ते मागे घेता येतं, दहाव्या मिनिटाला त्याला पाय फुटतात आणि ते आपल्यापुढे चालायला लागतं.

पुढे धारेवरच एक धनगराचं घर लागलं. कुडाच्या भिंती, दारात म्हैस, आत एक म्हातारी. आम्हाला पाहिल्याबरोबर तिने आधी एक तांब्या पाणी आणलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. कोणाला गरज आहे हे तिने विचारलं नाही. तिला ते दिसलं. मग ताक आलं. ताकाचे ग्लासाला दहा रुपये. भाच्याने पैसे देताना पन्नासाची एक नोट जास्त ठेवली. "हे पाण्याचे."

म्हातारीने ती नोट अशी परत केली, जसं काही त्यावर गांधीजींऐवजी दुसऱ्याच कोणाचं चित्र असावं. "पाण्याचं कुटं पैसं घेत्यात व्हय?"

मी विचारलं, "पाणी कुठून आणता, आजी?"

तिने खाली दरीकडे बोट दाखवलं. झरा खाली. जायला-यायला तासभर. दिवसाला दोन खेपा, डोक्यावर हंडा. ज्या डोंगरावर चार महिने आभाळ फाटतं, त्या डोंगराच्या पाठीवर फेब्रुवारीत हंड्याला तासभर लागतो. काळा कातळ आणि उभा उतार, पडलेलं पाणी थांबतच नाही, सगळं खाली निघून जातं. मी मनात म्हटलं, आजी, तुमचं आणि आमचं गाव एकच की.

आणि मग मला ते सुचलं, जे सुचायला नको होतं. जाळीआड पाणी पिताना मी स्वतःला जे कारण दिलं होतं ते असं: हे पाणी मी माझ्या पाठीवर वाहिलं आहे, म्हणून ते माझं. कारण तसं बिनतोड होतं. पण समोर एक बाई बसली होती, जिने तिचं पाणी तिच्या डोक्यावर तासभर वाहिलं होतं आणि पहिल्या अनोळखी माणसाला तांब्याभर देऊन टाकलं होतं. वाहण्याने हक्क येत असेल तर तिचा माझ्यापेक्षा मोठा. तिने तो वापरला नाही, एवढंच.

संध्याकाळी बुधला माचीवरून तोरण्यात शिरलो. तेलाचा बुधला पालथा घातल्यासारखा तो सुळका. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्काम. तिथे रात्री भुतं येतात अशी तरुण मंडळींत बोलवा आहे. मला त्या रात्री भुताची भीती वाटली नाही. मला बाटलीची वाटत होती.

तिचं करायचं काय? पिववेना. गुरुजींना देता येईना. ओतून टाकावी, तर इथे माझा जिल्हा आडवा आला. पापाचा पुरावा नष्ट करायला कोणताही गुन्हेगार तयार असतो. पण २०१३ सालचा जालन्याचा माणूस पाणी ओतून देऊ शकत नाही. त्याचा हातच वळत नाही. शेवटी अंधारात, भात शिजत असताना, 'पाणी कमी पडलंय वाटतं' असं पुटपुटत मी ती अर्धी बाटली पातेल्यात रिकामी केली. पातेलं अर्थातच गुरुजींनी वाहून आणलेलं.

जेवताना गुरुजींनी दुसरा घास घेतला आणि थांबले. "आज भाताला तुरटीचा वास येऊ लागला," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले.

घरी परतल्यावर मी वाचायला लागलो. लोक ज्ञानासाठी वाचतात. मी सुटण्यासाठी वाचत होतो. खटल्यातला आरोपी वकील शोधतो तसा मी ग्रंथांतून माझ्या बाजूचं कोणी सापडतं का ते पाहत होतो.

सुरुवात घरापासून केली. भागवतात रंतिदेव राजाची गोष्ट आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर अन्न-पाणी मिळालं, तर अतिथी येत गेले आणि तो देत गेला. शेवटी पाणी उरलं होतं, तेही त्या काळच्या समाजाने दूर ठेवलेल्या एका तहानलेल्या माणसाला दिलं. हा साक्षीदार माझ्या उपयोगाचा नाही. पैठणचे एकनाथ महाराज तर आमचे शेजारी. रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, असं परंपरा सांगते. तेही मैलोन्‌मैल खांद्यावर वाहिलेलं पाणी. त्याच सोळाव्या शतकात तिकडे १५८६ साली झुटफेनच्या लढाईत जखमी झालेला इंग्रज कवी फिलिप सिडनी, ओठाशी आलेलं पाणी शेजारच्या मरणाऱ्या शिपायाकडे सरकवतो, अशी कथा सांगतात. एक पैठणचा, एक विलायतेचा. दोघांची कधी ओळख नाही. पण दोघांनी मिळून मला पुरतं अडचणीत आणलं.

शेवटी मला माझा वकील मिळाला. ज्यू लोकांच्या तालमूद या ग्रंथात एक वाद आहे. दोघे वाळवंटातून चालले आहेत. एकाच्या हातात पाणी आहे. दोघांनी प्यायलं तर दोघेही मरतील, एकाने प्यायलं तर तो वस्तीपर्यंत पोचेल. बेन पेतुरा नावाचे पंडित म्हणतात, दोघांनीही प्यावं. एकाने दुसऱ्याचं मरण पाहू नये. रब्बी अकिवा म्हणतात, नाही. ज्याच्या हातात पाणी आहे त्याने ते प्यावं. त्याचा जीव आधी. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. एवढा मोठा धर्मपंडित, आणि माझ्या बाजूने! मी सौ.ला वाचून दाखवलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कामून मरत होता? दहा मिनिटांवर म्हातारीचं घर होतं ना?"

अकिवांनी वकीलपत्र तिथल्या तिथे परत घेतलं.

कारण तिचं बरोबर होतं. वाळवंट, एक बाटली, दोन जीव हे प्रश्न मोठे असतात, आणि त्यांचा एक धोका असतो. त्यांच्या आडोशाला आपली बारीकसारीक कंजुषी सुखाने झोपते. मी राजगडाच्या धारेवर मरत नव्हतो. मला फक्त पुढे तहान लागेल अशी भीती होती. जीव वाचवण्यासाठी लिहिलेला नियम मी घशाची कोरड वाचवण्यासाठी वापरू पाहत होतो. जन्मात एकदाही फळकुटाला धरून समुद्रात तरंगण्याची वेळ न आलेली आपण माणसं 'शेवटी ज्याने त्याने आपलं पाहावं' असं जे म्हणतो ना, ते पंख्याखाली बसून म्हणतो.

आणि 'मी वाहिलं म्हणून माझं' याचं काय? तर त्या हिशोबात एक आकडा मी गाळला होता. माझ्या पाठीवर तो चौथा किलो मावला, कारण माझ्या वाट्याचं पातेलं आणि तांदूळ गुरुजींच्या पाठीवर होते. म्हणजे माझं पाणी काही अंशी त्यांनीच वाहिलं होतं. आपण आपलं म्हणून जे काही पाठीवर मिरवतो, त्याच्या खाली पाहिलं तर कोणीतरी दुसराच पातेलं घेऊन वाकलेला असतो. कधी आई, कधी बायको, कधी शेजारचे गणिताचे मास्तर.

आईचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. गावाबाहेर खडी फोडायची कामं, शाळेत सुकडी, रेशनला तो लालसर मिलो. विहिरीच्या तळाशी वाटीने खरवडून आई कळशी भरी. त्या कळशीला कोणी हात लावला तर ती आमच्या हातावर उलथनं मारी. पण दारात येऊन कोणी पाणी मागितलं, तर तिने 'नाही' म्हटलेलं मला आठवत नाही. ती फुलपात्र आणायची, आणि ते अर्धं भरायची. अर्धंच. येणाऱ्यालाही कळायचं, आणि तो अर्ध्याला पूर्ण नमस्कार करून जायचा. ती रंतिदेवासारखी सगळं देत नव्हती. घरात चार तोंडं होती, तिला ते परवडणारं नव्हतं. पण ती खोटंही बोलत नव्हती. सगळं देणं आणि संपलं म्हणणं, यांच्यामध्ये अर्ध्या फुलपात्राएवढी जागा असते, हे तिने मला बारा वर्षांचा असताना दाखवलं होतं. धारेवर मला दोन्ही बाजूंच्या दऱ्या तेवढ्या दिसल्या. मधली वाट मी विसरलो.

एवढं सगळं सुचायला मला महिना लागला. एका रविवारी मी गुरुजींकडे गेलो. गुडघ्यावरची खपली पडून गेली होती, चष्म्याच्या काडीला दोरा होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाटली, टॉवेल, जाळी, भात आणि कमरसुद्धा.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "माहीत आहे की मला."

"भातावरून?"

"छे. भात रात्री झाला. मला दुपारीच कळलं. तुम्ही जाळीआडून धावत आलात तेव्हा तुमच्या पाठीवर पाणी वाजत होतं. सकाळपासून वाजलं नव्हतं. भरलेली बाटली वाजत नाही, रिकामीही वाजत नाही. अर्धी वाजते."

मी बराच वेळ गप्प. मग विचारलं, "मग तुम्ही मागितलंत कशाला?"

"तहान लागली होती म्हणून," गुरुजी म्हणाले. मग जरा थांबून, "आणि वाटलं, तुम्हाला द्यायला सोपं जाईल. तुम्ही 'आहे, पण देत नाही, मला लागेल' म्हणाला असतात ना, तर मी काहीच म्हणालो नसतो. आपल्या गावात आज असं म्हणायचा प्रत्येकाला अधिकार आहे. पण 'संपलं' म्हणालात, आणि मग मला राहिलेल्या वाटेवर ते आवाज ऐकत चालावं लागलं. तहानेपेक्षा त्याचा त्रास झाला बघा."

आतून गुरुजींच्या मंडळींनी चहा आणला. अर्धा-अर्धा कप. त्या वर्षी जालन्यात चहाही अर्धाच मिळायचा. मी तो पिऊन घरी आलो.

त्यानंतर बरेच पावसाळे आले-गेले. मीही दोन-तीनदा डोंगरावर गेलो. आता वाटणीच्या वेळी पातेलं मी आधी उचलतो. धर्मबुद्धीने म्हणा, किंवा गुरुजी बघत असतात म्हणून म्हणा. सौ. अजूनही एक जादा बाटली देते आणि कोणाला दाखवू नका म्हणते. ती मी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो. चालताना पहिल्या घोटानंतर ती वाजायला लागते. मग कोणी मागण्याच्या आधीच मी विचारून टाकतो. फार मोठं मन झालंय अशातला भाग नाही. तो आवाज ऐकत मला चढवत नाही, एवढंच.